पहिलं सोल्डरिंग स्टेशन घेताय? वॅट आणि डिस्प्लेच्या आधी या गोष्टी बघा

गणपतीच्या सजावटीची एलईडी माळ अर्धीच पेटते. रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातली बॅटरीची वायर निघून येते. डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला मिनी प्रोजेक्टचं सर्किट सोमवारपर्यंत जोडून दाखवायचं असतं. तिन्ही कामं तशी छोटी. पण ती करायला हातात येतं ते जवळच्या दुकानातून दोन-तीनशे रुपयांत आणलेलं साधं सोल्डरिंग आयर्न, ज्याला बाजारात सरसकट ‘सोल्डरिंग गन’ म्हणतात.

मग एक ठरलेला प्रकार घडतो. सोल्डर वितळतं, पण जोडाला चिकटत नाही, त्याचे गोळे होतात. टोक काळं पडतं. जोर देऊन घासलं की पीसीबीवरची तांब्याची पट्टी उचकटून हातात येते. शेवटी ‘आपला हातच चांगला नाही’ असा निष्कर्ष काढून आयर्न माळ्यावर जातं.

बऱ्याचदा दोष हाताचा नसतो, अवजाराचा असतो. म्हणूनच पहिलं स्टेशन निवडताना नेमकं काय बघायचं आणि कुठे पैसे वाचवायचे, हे समजून घेऊ.

आधी सोल्डरिंग म्हणजे काय ते बघू

सोल्डरिंगचं तत्त्व घरोघरच्या जुन्या मंडळींना माहीत आहे, फक्त नाव वेगळं. कल्हईवाला आधी भांडं तापवतो, त्यावर नवसागर टाकतो आणि मग कथिल फिरवतो. नवसागर धातूवरचा ऑक्साइडचा थर साफ करतो, म्हणून कथिल धरतं. भांडं थंड असेल तर कथिल नुसतं वर बसतं, धरत नाही.

सर्किटवर हेच छोट्या प्रमाणात होतं. नवसागराच्या जागी फ्लक्स असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या सोल्डर वायरीत तो आतच भरलेला असतो, बहुतेकदा राळेपासून केलेला. आयर्नचं काम सोल्डर वितळवणं एवढंच नाही. पीसीबीवरचा पॅड आणि पार्टचा पाय, दोन्ही पुरेसे गरम करणं हे खरं काम आहे, आणि तेही दोन-तीन सेकंदांत. जास्त वेळ लागला तर पॅड सुटतो आणि पार्ट जळतो. कमी उष्णता मिळाली तर जोड कच्चा राहतो. असा कच्चा जोड आज चालतो आणि महिन्याभराने दगा देतो.

साध्या आयर्नमध्ये अडचण काय?

२५ वॅटच्या साध्या आयर्नला आपण किती तापलोय हे कळत नाही. प्लग लावला की ते तापत राहतं आणि हवेत जेवढी उष्णता जाते तेवढीच आत तयार होऊ लागली की तिथे थांबतं. रिकामं ठेवलेलं असताना टोक गरजेपेक्षा बरंच जास्त तापलेलं असू शकतं. त्यामुळे फ्लक्स लगेच जळतो आणि टोक काळं पडतं. याउलट जाड वायर किंवा मोठ्या तांब्याच्या भागाला टेकवलं की तापमान झपकन खाली येतं आणि परत वर यायला वेळ लागतो. म्हणजे नको तेव्हा जास्त आणि हवं तेव्हा कमी.

स्टेशनमध्ये टोकाजवळ सेन्सर असतो. तो तापमान मोजतो आणि त्याप्रमाणे कंट्रोलर वीज कमी-जास्त करतो. टोक थंड पडलं की लगेच जास्त वीज, ठरलेल्या तापमानाला पोचलं की वीज कमी. अवजाराचं मोल इथे आहे.

इथेच एक फसगत होते. बटण फिरवून कमी-जास्त करता येणारं प्रत्येक आयर्न तापमान नियंत्रित करत नाही. काहींमध्ये पंख्याच्या रेग्युलेटरसारखी फक्त वीज कमी-जास्त होते, सेन्सर नसतोच. घेताना दुकानदाराला सरळ विचारायचं, ‘यात सेन्सर आहे का?’

जास्त वॅट म्हणजे जास्त गरम?

नाही. दोन स्टेशनं ३५० अंशांवर लावली तर ४० वॅटचं आणि ७० वॅटचं टोक सारखंच तापलेलं असेल. फरक पडतो तो काम सुरू झाल्यावर. गेलेली उष्णता किती लवकर भरून निघते, हे वॅट सांगतात. नवशिक्याला ५० ते ७० वॅट पुरेसे आहेत. हौशी कामासाठी त्याहून जास्त आकड्याच्या मागे लागण्याची गरज नाही.

तापमानाचे आकडेही डोक्यात असू द्या. ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. शिसंविरहित सोल्डर साधारण २१७ ते २२७ अंशांना वितळतं. उष्णता पटकन पोचावी म्हणून टोक यापेक्षा बरंच वर ठेवावं लागतं. शिसं असलेल्या सोल्डरसाठी ३२० ते ३५० आणि शिसंविरहित सोल्डरसाठी ३५० ते ३८० अंशांपासून सुरुवात करावी. युरोपियन युनियनने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर निर्बंध आणले. त्यानंतर जगभरचे उत्पादक शिसंविरहित सोल्डरकडे वळले. बाजारातली नवी वस्तू उघडून दुरुस्त करताना तिचं सोल्डर लवकर वितळत नाही, त्याचं एक कारण हे आहे.

बाजारात पर्याय कोणते?

ढोबळमानाने चार गट पडतात. किमती दुकानागणिक आणि काळानुसार बदलतात, त्यामुळे इथले आकडे अंदाजासाठी.

पहिला गट साध्या आयर्नचा, दोनशे ते चारशे रुपयांचा. वर्षातून दोन वायरी जोडायच्या असतील तर हे चालतं. सोल्ड्रॉनसारख्या देशी ब्रँडचं आयर्न बिननावाच्या आयर्नपेक्षा बरं. पण पीसीबीवर शिकायचं असेल तर इथे थांबू नये.

दुसरा गट ‘९३६’ प्रकारच्या स्टेशनचा, साधारण दीड ते साडेतीन हजारांचा. जपानच्या हाक्को कंपनीचं ९३६ हे स्टेशन जगभर इतकं चाललं की त्याच्या रचनेवर बेतलेली स्टेशनं डझनभर कंपन्या बनवतात. त्यात ट्रान्सफॉर्मर मेन्सची वीज कमी व्होल्टेजवर आणतो, त्यामुळे हातातल्या हँडलमध्ये २३० व्होल्ट येत नाहीत. याचे ‘९००एम’ बिट बाजारात सहज आणि स्वस्तात मिळतात. बहुतेक नवशिक्यांसाठी योग्य गट हाच. एक लक्षात ठेवा, हाक्कोने स्वतः ९३६ बनवणं केव्हाच बंद केलं आहे. त्यामुळे नव्याकोऱ्या खोक्यात ‘हाक्को ९३६’ स्वस्तात मिळतंय असं कोणी म्हणालं, तर ते बहुधा नकली आहे. नकली नावाला जादा पैसे देण्यापेक्षा आपल्याच नावाने विकणाऱ्या कंपनीचं घ्यावं.

तिसरा गट ‘टी१२’ बिटच्या स्टेशनचा. ९३६ मध्ये हीटर वेगळा असतो आणि बिट त्यावर टोपीसारखा बसतो. मधल्या फटीत उष्णता वाया जाते. टी१२ मध्ये हीटर, सेन्सर आणि टोक एकाच कांडीत असतात. म्हणून ते काही सेकंदांत तापतं आणि थंड पडलं तर लवकर सावरतं. बिट मात्र महाग पडतात, कारण दर वेळी हीटरसकट बदलावा लागतो.

चौथा गट पेनासारख्या आयर्नचा, उदाहरणार्थ पाइन६४ कंपनीचं पाइनसिल. कंपनीच्या स्वतःच्या दुकानात ते साधारण २६ डॉलरला मिळतं. भारतात आणण्याचा खर्च आणि कर वेगळे. हॉस्टेलवर राहणाऱ्याला हे सोयीचं, कारण जागा लागत नाही आणि टाइप-सी चार्जरवर चालतं. पण मोबाइलचा कुठलाही चार्जर चालेल असं नाही. पूर्ण ताकदीसाठी पॉवर डिलिव्हरीचा २० व्होल्ट देणारा, ६५ वॅटचा चार्जर लागतो. घरात तसा लॅपटॉप चार्जर नसेल तर त्याची किंमतही हिशेबात धरा.

गरम हवेची गन जोडलेलं ‘टू इन वन’ स्टेशन पाहून अनेकांना मोह होतो. मोबाइल दुरुस्तीचा कोर्स करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. इतरांनी पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याच पैशात चांगलं साधं स्टेशन येतं.

दुकानात किंवा पार्सल उघडल्यावर काय तपासायचं?

पहिली गोष्ट, थ्री-पिन प्लग आणि अर्थिंग. आयर्नचं टोक अर्थला जोडलेलं असणं तुमच्यासाठी आणि नाजूक चिपसाठीही महत्त्वाचं आहे. ट्रान्सफॉर्मर असलेल्या स्टेशनवर हे मल्टिमीटरने तपासता येतं. स्टेशनचा प्लग बोर्डातून काढलेला असताना मीटरचं एक टोक प्लगच्या मोठ्या पिनला आणि दुसरं बिटला लावायचं. चांगल्या स्टेशनवर हा रेझिस्टन्स साधारण २ ओहमपेक्षा कमी दिसतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर अर्थिंग फक्त दिखाव्याचं आहे, ते परत करावं. जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहत असाल तर घरातल्या सॉकेटला तरी अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. तिसरी पिन कापून टू-पिन सॉकेटमध्ये लावायचा जुगाड इथे जिवावर बेतू शकतो.

दुसरी गोष्ट, बिट कुठे मिळतो. बिट झिजणारच. तो तुमच्या गावात किंवा ऑनलाइन सहज मिळत नसेल तर स्टेशन सहा महिन्यांत शोभेची वस्तू होईल. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाच्या परिसरात एकदा चक्कर मारली की कोणते बिट चालतात याचा अंदाज येतो.

तिसरी गोष्ट, हँडलची वायर आणि स्टँड. वायर जाड आणि ताठ असेल तर ती हाताला ओढत राहते. सिलिकॉनची मऊ वायर बरी, ती चटका लागला तरी वितळत नाही. स्टँड हलका असेल तर वायरीच्या ओढीने तापलेलं आयर्न टेबलावर, नाहीतर थेट मांडीवर पडतं.

डिजिटल डिस्प्ले या यादीत नाही, हे लक्षात आलं असेल. स्क्रीनवर ३५० दिसलं म्हणजे टोक ३५० अंशांवर आहेच असं नाही. आतला सेन्सर खराब असेल तर आकडाही चुकीचाच दिसतो. साधी फिरवायची नॉब असलेलं चांगलं स्टेशन डिस्प्लेच्या वाईट स्टेशनपेक्षा केव्हाही सरस.

सगळे पैसे स्टेशनवर घालू नका

बजेटचा साधारण चौथा हिस्सा बाकीच्या वस्तूंसाठी ठेवा. त्यात सगळ्यात महत्त्वाची सोल्डर वायर. कथिल शिशापेक्षा कितीतरी महाग असल्यामुळे स्वस्त वायरीत कथिल कमी असण्याची शक्यता असते. मग सोल्डर नीट वाहत नाही आणि जोड खडबडीत दिसतो. ओळखीच्या कंपनीची ६०/४० किंवा ६३/३७ वायर, आत फ्लक्स असलेली, साधारण ०.८ मिलिमीटर जाडीची घ्या. पत्रा किंवा नळ जोडायची आम्लयुक्त पेस्ट सर्किटवर वापरू नका. ती मागे राहून तांबं खात राहते.

दुसरी वस्तू म्हणजे चपट्या टोकाचा, २ ते २.५ मिलिमीटरचा बिट. स्टेशनसोबत बहुधा सुईसारखा टोकदार बिट येतो. तो बारीक कामाला चांगला वाटतो, पण टेकण्याची जागाच कमी असल्यामुळे उष्णता नीट जात नाही. नवशिक्यांचा निम्मा त्रास चपटा बिट लावल्यावर संपतो. यासोबत चूक काढायला सोल्डर ओढून घेणारा पंप आणि टोक पुसायला पितळी तारेची घासणी घ्या.

बिट आतून तांब्याचा आणि वरून लोखंडाचा मुलामा दिलेला असतो. त्याला कानस किंवा पॉलिश पेपर लावला की मुलामा जातो आणि बिट संपतो. काम झाल्यावर टोकावर ताज्या सोल्डरचा थर ठेवूनच स्टेशन बंद करायचं. कल्हई केलेलं भांडं टिकतं, तसंच हे.

धूर आणि शिसं यांची काळजी

सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही. दिसणारा धूर मुख्यतः जळणाऱ्या फ्लक्सचा असतो. पण तोही निरुपद्रवी नाही. राळेच्या फ्लक्सचा धूर सतत छातीत गेल्यास दमा होऊ शकतो. खिडकी उघडी ठेवा, छोटा पंखा धूर तोंडापासून दूर नेईल असा लावा आणि जोडावर ओणवं होऊन बघू नका.

शिशाचा धोका हातांवाटे पोटात जाण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वाधिक आहे. म्हणून जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग नको, काम करताना खाणं-पिणं नको आणि उठल्यावर साबणाने हात धुवायचेच. घरात लहान मूल किंवा गर्भवती असेल तर शिसंविरहित वायर वापरावी. ती थोडी अवघड जाते, पण जमते. वितळलेलं सोल्डर उडू शकतं, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा हवा.

मग नेमकं काय घ्यावं?

थोडक्यात सांगायचं तर, दोन-अडीच हजारांचं बजेट असेल तर अर्थिंग नीट असलेलं ९३६ प्रकारचं स्टेशन, एक चपटा बिट आणि चांगली वायर. थोडे जास्त पैसे असतील तर टी१२. लॅपटॉपचा टाइप-सी चार्जर आधीच असेल आणि जागा कमी असेल तर पाइनसिलसारखं आयर्न. हाक्को किंवा वेलरसारख्या कंपन्यांची अस्सल स्टेशनं उत्तम असतात, पण ती रोज काम करणाऱ्यासाठी. हौस टिकली की तेव्हा बघता येईल.

स्टेशन आल्यावर लगेच महागड्या सर्किटला हात लावू नका. एक झिरो पीसीबी आणि मूठभर स्वस्त रेझिस्टर आणा आणि सलग पन्नास जोड करा. टोक पॅड आणि पाय दोघांना एकदम टेकवायचं, एक सेकंद थांबायचं आणि वायर टोकाला न लावता जोडाला लावायची. नीट झालेला जोड छोट्या उतरत्या शंकूसारखा दिसतो, पायाशी पसरलेला. चेंडूसारखा गोल दिसला तर पॅड पुरेसा तापलेला नव्हता. पहिले दहा जोड बिघडतील. शेवटच्या दहांमध्ये दोन-तीनच बिघडले, तर तुमचा हात चांगला आहे आणि आता ती एलईडीची माळ उघडायला हरकत नाही. फक्त माळ दुरुस्त करण्याआधी तिचा प्लग काढायला विसरू नका.