अपयशाचे स्मरण : मँचेस्टर युनायटेडचे माजी व्यवस्थापक आणि समर्थकांची सामूहिक स्मृती

प्रास्ताविक

क्रीडा-इतिहासाचे लेखन बहुतांशी विजेत्यांभोवती फिरत आले आहे. चषक, विक्रम आणि विजेत्यांची चरित्रे यांविषयीची साधने विपुल असतात. पराभूतांविषयीची साधने मात्र विखुरलेली आणि पुष्कळदा त्यांच्यानंतर आलेल्यांच्याच हातची असतात. इंग्लंडमधील फुटबॉल क्लबांच्या समर्थकांनी आपल्या माजी व्यवस्थापकांविषयी जपलेल्या आठवणी हे या संदर्भात एक दुर्लक्षित साधन आहे. निराशा करणाऱ्या व्यवस्थापकांची उजळणी हा या समर्थकांचा जणू नित्यपाठ असतो. व्यक्तीची स्मृती समूहाने पुरविलेल्या चौकटीत आकार घेते, असा सिद्धान्त फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये मांडला. प्रस्तुत लेखात मँचेस्टर युनायटेड या क्लबच्या उदाहरणावरून ही चौकट कशी घडते, आणि 'अपयशी' हा शिक्का कोणावर बसतो व कोणावर बसत नाही, याचा विचार केला आहे.

येथे 'व्यवस्थापक' या संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. भारतीय क्रिकेटमध्ये संघाचा मॅनेजर हा मुख्यतः प्रवास, निवास व शिस्त यांची व्यवस्था पाहणारा अधिकारी असतो. इंग्लिश फुटबॉलमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संघनिवड, डावपेच, सराव आणि खेळाडूंची खरेदी-विक्री ही सर्व कामे एकाच व्यक्तीच्या हाती एकवटली होती आणि तीच व्यक्ती मॅनेजर म्हणून ओळखली जाई. ही प्रथा दृढ होण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते मॅट बझ्बी १९४५ मध्ये युनायटेडचे व्यवस्थापक झाले. त्यांच्या कारकिर्दीत क्लबने पाच वेळा लीगचे विजेतेपद मिळविले. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथील विमान अपघातात आठ खेळाडूंसह २३ जण मृत्युमुखी पडले. त्या राखेतून दुसरा संघ उभारून बझ्बी यांनी १९६८ मध्ये वेम्बली येथे बेन्फिकाचा ४-१ असा पराभव केला आणि युरोपियन चषक जिंकणारा पहिला इंग्लिश क्लब होण्याचा मान युनायटेडला मिळवून दिला. यापुढे येणाऱ्या प्रत्येकाचे मोजमाप याच फूटपट्टीने होणार होते.

बझ्बी यांच्या सावलीतील दोन नेमणुका

जानेवारी १९६९ मध्ये बझ्बी यांनी निवृत्तीचा निर्णय जाहीर केला. त्यांच्या जागी विल्फ मॅगिनेस यांची निवड झाली, तेव्हा ते अवघे ३१ वर्षांचे होते. पाय मोडल्यामुळे त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द अकाली संपली होती आणि त्यानंतर ते क्लबमध्येच प्रशिक्षक म्हणून काम करीत होते. सुरुवातीस त्यांना 'मुख्य प्रशिक्षक' एवढेच पद देण्यात आले. बझ्बी 'जनरल मॅनेजर' या नात्याने क्लबमध्येच राहिले. बॉबी चार्ल्टन आणि डेनिस लॉ हे मॅगिनेस यांचे जवळजवळ समवयस्क होते आणि त्यांना संघातून वगळण्याचा प्रसंगही मॅगिनेस यांच्यावर आला. अधिकाराविना जबाबदारी असे या नेमणुकीचे स्वरूप होते. संघ १९६९-७० च्या मोसमात आठव्या क्रमांकावर राहिला. दीड वर्षाच्या काळात तीन वेळा चषक स्पर्धांच्या उपान्त्य फेरीत तो पराभूत झाला. डिसेंबर १९७० मध्ये मॅगिनेस यांना दूर करण्यात आले आणि मोसम संपेपर्यंत बझ्बी यांनीच पुन्हा सूत्रे हाती घेतली.

१९७१ मध्ये लेस्टर सिटीहून आलेले फ्रँक ओ'फॅरल यांची कथा अधिक बोलकी आहे. मूळचे आयर्लंडमधील कॉर्कचे ओ'फॅरल क्लबबाहेरचे होते, त्यामुळे त्यांना जुन्या संबंधांचे ओझे नव्हते. परंतु रुजू होताना आढळले ते असे की, व्यवस्थापकाच्या कार्यालयात बझ्बीच बसत होते आणि नव्या व्यवस्थापकासाठी दुसरी, लहान खोली ठरविण्यात आली होती. ओ'फॅरल यांनी आपल्या हक्काची खोली मागून घेतली, असे त्यांनीच पुढे सांगितले. खोलीचा हा प्रसंग वरकरणी क्षुल्लक वाटला तरी एखाद्या संस्थेतील सत्तांतर कागदावर झाले की प्रत्यक्षात, हे ओळखण्यास त्याच्याइतका नेमका पुरावा क्वचितच सापडेल. महाविद्यालयीन प्रशासनाचा अनुभव असलेल्या वाचकांस तो अपरिचित वाटू नये.

१९७१ च्या नाताळास युनायटेड लीगमध्ये अग्रस्थानी होते. त्यानंतर मात्र संघ सलग सात लीग सामने हरला आणि मोसमाअखेर पुन्हा आठव्याच स्थानी आला. पुढील मोसमात जॉर्ज बेस्ट यांच्या बेशिस्तीने परिसीमा गाठली. १६ डिसेंबर १९७२ रोजी क्रिस्टल पॅलेसकडून ५-० असा पराभव झाला आणि तीन दिवसांनी ओ'फॅरल यांना पदमुक्त करण्यात आले. त्यांनी क्लबमध्ये आणलेले मार्टिन बुकन पुढे संघाचे कर्णधार झाले आणि १९७७ मध्ये त्यांनी एफए चषक उंचावला. त्याचे श्रेय देताना ओ'फॅरल यांचे नाव सहसा निघत नाही. ओ'फॅरल यांनी इराणच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले आणि १९७४ च्या तेहरान आशियाई क्रीडास्पर्धांत त्या संघाने सुवर्णपदक मिळविले. मँचेस्टरच्या स्मृतीत मात्र ते 'बझ्बी आणि डॉकर्टी यांच्या मधले' एवढेच उरले. २०२२ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

डॉकर्टी आणि सेक्स्टन : एक तुलना

केवळ फलिताचा विचार केल्यास युनायटेडच्या इतिहासातील सर्वांत मोठी नामुष्की टॉमी डॉकर्टी यांच्या नावावर जमा व्हावयास हवी. डिसेंबर १९७२ मध्ये ते आले आणि १९७३-७४ च्या मोसमात, युरोपियन चषक जिंकल्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, क्लबची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. २७ एप्रिल १९७४ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर सिटीविरुद्धच्या सामन्यात सिटीकडून खेळणारे डेनिस लॉ यांनी टाचेने गोल केला, प्रेक्षक मैदानात घुसले आणि सामना आटोपता घ्यावा लागला. 'लॉ यांच्या गोलने युनायटेडला खाली ढकलले' ही आठवण आजही सांगितली जाते. वस्तुतः त्याच दिवशी बर्मिंगहॅम सिटीने आपला सामना जिंकल्यामुळे युनायटेडची घसरण अटळच होती. सामना युनायटेडने जिंकला असता तरी निकालात फरक पडला नसता. परंतु सामूहिक स्मृतीला गुणांच्या बेरजेपेक्षा घरच्याच माणसाने केलेला घात अधिक रुचतो.

आणि तरीही डॉकर्टी यांना समर्थकांनी कधी 'अपयशी' म्हटले नाही. दुसऱ्या श्रेणीतील १९७४-७५ चा मोसम अनेक जुन्या समर्थकांच्या बोलण्यात आनंदाचे वर्ष म्हणून येतो. त्या वर्षी घरच्या सामन्यांना लाभलेली सरासरी प्रेक्षकसंख्या पहिल्या श्रेणीतील क्लबांनाही मागे टाकून देशात सर्वाधिक होती. स्टीव्ह कॉपेल आणि गॉर्डन हिल यांसारखे वेगवान विंगर घेऊन पुढे आक्रमक संघ उभा राहिला. १९७६ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात दुसऱ्या श्रेणीतील साउदॅम्प्टनकडून हार पत्करावी लागली, पण पुढच्याच वर्षी लिव्हरपूलचा २-१ असा पराभव झाला आणि त्या क्लबचे तिहेरी विजेतेपदाचे स्वप्न भंगले. त्यानंतर काही आठवड्यांतच, जुलै १९७७ मध्ये, खेळाशी संबंध नसलेल्या खासगी कारणावरून डॉकर्टी यांना पद सोडावे लागले. यशाच्या शिखरावर असताना झालेली ही अखेर स्मृतीच्या दृष्टीने त्यांच्या पथ्यावरच पडली. याच वर्षांत युनायटेडच्या समर्थकांच्या टोळ्यांनी परगावी घातलेला धुडगूस मात्र या आठवणींत एक तर गाळला जातो किंवा तारुण्यातील गंमत म्हणून सांगितला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध राहणे इष्ट.

डॉकर्टी यांच्यानंतर आलेले डेव्ह सेक्स्टन हे अभ्यासू, मितभाषी गृहस्थ होते. वृत्तपत्रांना चटकदार वाक्ये पुरविणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. त्यांच्या संघाने १९७९ मध्ये एफए चषकाचा अंतिम सामना गाठला आणि तेथे आर्सेनलकडून तो ३-२ असा हरला. १९७९-८० मध्ये लिव्हरपूलच्या ६० गुणांच्या मागोमाग ५८ गुणांसह संघ दुसरा आला. १९६७ च्या विजेतेपदानंतर १९८० पर्यंत युनायटेडला लीगमध्ये एवढे वरचे स्थान अन्य कोणत्याही व्यवस्थापकाने मिळवून दिले नव्हते, त्यास खुद्द बझ्बी यांचा १९६८ चा दुसरा क्रमांक एवढाच अपवाद. १९८०-८१ मध्ये मोठी रक्कम मोजून आणलेले गॅरी बर्टल्स यांना त्या मोसमात लीगमध्ये एकही गोल करता आला नाही आणि संघ आठव्या स्थानी घसरला. अखेरचे सातही सामने जिंकून सेक्स्टन यांनी मोसम संपविला, आणि ३० एप्रिल १९८१ रोजी त्यांना बडतर्फ करण्यात आले. संचालकांचे कारण आणि समर्थकांची तक्रार एकच होती : खेळ कंटाळवाणा आहे.

डॉकर्टी यांच्या २२८ सामन्यांत १०७ विजय आहेत, तर सेक्स्टन यांच्या २०१ सामन्यांत ८१. हा फरक दुर्लक्षणीय नाही, परंतु डॉकर्टी यांच्या आकड्यांत दुसऱ्या श्रेणीतील संपूर्ण मोसमाचे विजय समाविष्ट आहेत हेही ध्यानात घ्यावयास हवे. एकाने संघ खाली नेला आणि तो लोकनायक झाला. दुसऱ्याने तो विजेतेपदापासून दोन गुणांवर आणला आणि तो विस्मरणात गेला. येथे कसोटी गुणतालिकेची नाही. बझ्बी यांच्या काळात 'युनायटेडने कसे खेळावे' याची जी प्रतिमा समर्थकांच्या मनात घडली, तिच्याशी इमान राखले की नाही, हा खरा निकष होय. सेक्स्टन यांचा अपराध पराभवाचा नव्हता, रुक्षतेचा होता.

१९८९ चा फलक आणि त्याचा वारसा

सेक्स्टन यांच्या जागी आलेले रॉन ॲटकिन्सन यांनी दोन एफए चषक जिंकले, पण लीगचे विजेतेपद हुकले ते हुकलेच. नोव्हेंबर १९८६ मध्ये ॲलेक्स फर्ग्युसन आले. सप्टेंबर १९८९ मध्ये मँचेस्टर सिटीने युनायटेडचा ५-१ असा धुव्वा उडविला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसविरुद्धच्या सामन्यात एका समर्थकाने फर्ग्युसन यांना निरोप देणारा फलक फडकविला. तीन वर्षे सबबी सांगून झाल्या, आता पुरे, असा त्याचा आशय होता. तो मोसम संघाने तेराव्या स्थानी संपविला. १९९० चा एफए चषक हाती आला नसता तर फर्ग्युसन यांचे नावही निराशा करणाऱ्यांच्या यादीतच राहिले असते, असे म्हणण्यास जागा आहे. पुढे २०१३ पर्यंत त्यांनी लीगची १३ विजेतेपदे मिळविली. याच सुमारास, १९८७ ते १९८९ या काळात, 'रेड न्यूज', 'युनायटेड वी स्टँड' आणि 'रेड इश्यू' ही समर्थकांनीच काढलेली नियतकालिके सुरू झाली. 'फॅनझीन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाशनांमुळे दारूच्या गुत्त्यांत आणि परगावच्या प्रवासांत तोंडी फिरणाऱ्या आठवणींना प्रथमच छापील रूप मिळाले.

१९८९ च्या फलकाचा अर्थ पुढे उलटा झाला. समर्थकांच्या उतावीळपणाचे प्रतीक म्हणून तो सांगितला जाऊ लागला आणि धीर धरावा हा त्याचा बोध ठरला. २०१३ मध्ये फर्ग्युसन यांनी स्वतः सुचविलेले डेव्हिड मॉइझ सहा वर्षांच्या करारावर आले, तेव्हा समर्थकांनी हाच बोध प्रमाण मानला. निरोपाच्या भाषणात फर्ग्युसन यांनीही नव्या व्यवस्थापकाच्या पाठीशी उभे राहण्याचे आवाहन केले होते. स्ट्रेटफर्ड एंडवर 'निवडलेला' असे मॉइझ यांना गौरविणारा फलक लागला. मार्च २०१४ मध्ये त्यांच्या हकालपट्टीची मागणी करणारा फलक घेऊन विमान मैदानावरून गेले, तेव्हा खाली बसलेल्या अनेकांनी त्या विमानाचीच हुर्यो उडविली. महिनाभरातच, २२ एप्रिल रोजी, मॉइझ यांना काढण्यात आले. ५१ सामन्यांत २७ विजय, म्हणजे डॉकर्टी यांच्यापेक्षा सरस प्रमाण, ही त्यांची नोंद आहे. पण ती आठवत नाही. आठवतो तो फुलहॅमविरुद्धचा २-२ असा बरोबरीत सुटलेला सामना, ज्यात संघाने गोलक्षेत्रात ८१ वेळा क्रॉस टाकले. विजेत्या संघाचा वारसा मिळूनही खेळ कल्पनाशून्य, ही सेक्स्टन यांच्यावरचीच तक्रार नव्या शब्दांत परतली होती. १९६९ प्रमाणेच याही वेळी पूर्वसुरी समोरच, सज्जात बसलेले होते आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे त्यांच्याकडे वळत होते. फरक एवढाच की आता मैदानातील एका सज्जाला त्यांचेच नाव होते.

धीराचा बोध त्यानंतर फार काळ टिकला नाही. लुई व्हान गाल यांच्या संघाने २१ मे २०१६ रोजी एफए चषक जिंकला आणि दोन दिवसांनी त्यांना निरोप देण्यात आला. त्यांच्या कारकिर्दीचा विषय निघाला की चेंडू मागे-आडवा ढकलत राहणाऱ्या संघाचे वर्णन आधी येते, चषक नंतर. उलट १९९९ च्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकविरुद्ध निर्णायक गोल करणारे उले गुन्नार सोल्शायर यांनी व्यवस्थापक म्हणून २०१८ ते २०२१ या काळात एकही चषक मिळविला नाही. त्यांच्या अखेरच्या महिन्यात लिव्हरपूलने ओल्ड ट्रॅफर्डवरच ५-० असा विजय मिळविला होता. तरीही त्यांच्या नावाचे गाणे परगावच्या सामन्यांत त्यांच्या गच्छंतीनंतरही गायले गेले.