राजूरची कोळसा खाण आणि टेलिफोनच्या घंटीची वीज

वणी तालुक्यातील राजूर हे कोळशाच्या खाणीमुळे ओळखले जाणारे गाव आहे. अशा गावात टेलिफोनच्या घंटीचा इतिहास जमिनीवर आणि जमिनीखाली असा दोन ठिकाणी पाहावा लागतो, कारण घरात निरुपद्रवी असलेली वीज मिथेन वायू साचणाऱ्या भुयारात जीवघेणी ठरू शकते.

जुन्या मॅग्नेटो टेलिफोनमध्ये घंटीची वीज बोलणाराच निर्माण करीत असे. हँडल फिरवले की चुंबकांमधील तारांचे वेटोळे फिरून सेकंदाला सुमारे 16 ते 20 आवर्तने करणारा, दिशा बदलता प्रवाह निघे आणि एक्स्चेंजमधील त्या लाइनची झडप खाली पडे. स्वयंचलित एक्स्चेंज आल्यावर हे काम यंत्राकडे गेले. लाइनवर 48 व्होल्टची एकदिश वीज सतत असते आणि तिच्यावर घंटीसाठी सुमारे 75 व्होल्टची, 25 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 25 आवर्तने करणारी वीज चढवली जाते. टेलिफोनमधील कंडेन्सर एकदिश वीज अडवतो आणि ही दुसरी घंटीकडे जाऊ देतो. आवर्तने इतकी कमी ठेवण्याचे कारण यांत्रिक आहे, कारण दोन वाट्यांमध्ये हलणाऱ्या टोल्याला वजन असते आणि फार वेगाने दिशा बदलली तर तो मागे पडतो. भारतात 0.4 सेकंद घंटी, 0.2 सेकंद खंड, पुन्हा 0.4 सेकंद घंटी आणि मग 2 सेकंदांची शांतता असा ठेका रूढ झाला. घंटी वाजत असताना उघड्या तारेला हात लागला तर लाइनमनला चांगलाच झटका बसे.

खाणीत मात्र खरा धोका झटक्याचा नसून ठिणगीचा असतो, आणि हे कळण्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागली. 14 ऑक्टोबर 1913 रोजी वेल्समधील सेंघेनिड येथील स्फोटात 439 खाणकामगार दगावले, तेव्हा ज्या कारणांचा संशय घेतला गेला त्यांत संकेतघंटीच्या तारांमधील ठिणगीही होती. त्यानंतर झालेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झाले की केवळ व्होल्ट कमी असणे पुरेसे नाही. घंटीच्या विद्युतचुंबकात साठलेली ऊर्जा मंडल तुटताक्षणी ठिणगीरूपाने बाहेर पडते, म्हणून मर्यादा घालायची ती या ऊर्जेवर. आंतरिक सुरक्षिततेचे तत्त्व यातूनच उभे राहिले. त्यामुळे वायू असलेल्या भूमिगत खाणींसाठीचे टेलिफोन वेगळे बनवले जातात आणि जमिनीवरील एक्स्चेंजची 75 व्होल्टची घंटी मधल्या संरक्षक मंडलाशिवाय खाली सोडली जात नाही.