रेडस्टोन टॉर्च

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळातील संदेशवहनाचा एक घटक. सर्किटमध्ये तो ‘नॉट’ गेटचे, म्हणजे संदेश उलटा करण्याचे काम करतो. स्टॉकहोमच्या मोजांग कंपनीने हा खेळ अल्फा अवस्थेत असताना, जुलै २०१० मध्ये, रेडस्टोन या खेळातल्या खनिजाच्या इतर साहित्याबरोबर तो आणला. काठीवर रेडस्टोनची पूड ठेवली की टॉर्च तयार होतो. त्याचा उजेड मंद असतो, पातळी अवघी ७. दिवा म्हणून तो फारसा कामाचा नाही.

टॉर्च ठोकळ्याच्या माथ्यावर किंवा बाजूला लावतात. एरवी तो पेटलेला असतो आणि शेजारी तारेसारख्या अंथरलेल्या पुडीला पूर्ण, म्हणजे १५ बळाचा संदेश देतो. ज्या ठोकळ्याला तो चिकटलेला आहे, त्यात संदेश आला की मात्र तो विझतो. हा बदल व्हायला एक दशांश सेकंद लागतो.

या एवढ्याशा नियमात सगळे तर्कशास्त्र मावते. एकाच ठोकळ्यात दोन बाजूंनी पुडीच्या रेषा आणल्या, तर दोन्ही बंद असतानाच टॉर्च पेटेल. हे झाले ‘नॉर’ गेट. केवळ नॉर वापरून इतर प्रत्येक गेट बांधता येते. माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अपोलो यानाच्या संगणकाचे तार्किक सर्किटही तीन इनपुटांच्या नॉर गेटांचेच होते.

‘अँड’ गेटची जुनी रचना मुद्दाम बांधून पाहण्याजोगी आहे. तीन ठोकळे ओळीने ठेवायचे. दोन्ही टोकांच्या ठोकळ्यांवर एकेक टॉर्च, मधल्यावर पूड आणि मधल्याच्याच बाजूला तिसरा टॉर्च. टोकांच्या ठोकळ्यांना एकेक खटका जोडायचा. एकच खटका ओढला तर दुसऱ्या टोकाचा टॉर्च पेटलेलाच राहतो, मधल्या पुडीत संदेश असतो आणि तिसरा टॉर्च विझलेला असतो. दोन्ही ओढले की टोकांचे टॉर्च विझतात आणि तिसरा पेटतो. अमूर्त वाटणारे सूत्र इथे डोळ्यांसमोर घडते. तर्क शिकवायला इतके सोपे साधन मला दुसरे माहीत नाही.

दोन टॉर्च असे जोडले की एकाचा संदेश दुसऱ्याला विझवेल आणि दुसऱ्याचा पहिल्याला, तर शेवटची स्थिती टिकून राहते. ही एका बिटची स्मृती. अशा स्मृती आणि गेटे रचून खेळाडूंनी खेळातच गणकयंत्रे आणि प्रोसेसर उभारले आहेत.

संदेश लांबवर नेताना पुडीत दर ठोकळ्यामागे बळ एकने घटते. ते संपण्याआधी, संदेश पुन्हा पूर्ण बळाने पण थोडा उशिराने पुढे देणारा रिपीटर लावावा; तो फेब्रुवारी २०११ मध्ये आला. खेळाच्या जावा आवृत्तीत तीन सेकंदांत आठदा विझलेला टॉर्च काही काळ बंदच पडतो. म्हणून वेगाने स्पंदने देणारे घड्याळ बांधताना त्यातही रिपीटर घालून गती कमी करावी.