बिल्ला कुणाचा, इंजिन कुणाचं

गेले दोन वीकेंड काही लिहिलं नाही. कारण आमची गाडी. बाबांनी २०१२ साली घेतलेली डिझेल हॅचबॅक, गेली दोन वर्षं माझ्याकडे पुण्यात असते. तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी चावी फिरवली, नेहमीप्रमाणे दोन-तीन सेकंद खळखळ आवाज आला (तो गेले काही महिने रोजच यायचा), मग एकदम खाडकन काहीतरी वाजलं आणि सगळं शांत. पुन्हा सुरू होईचना.

टो करून गॅरेजात नेली. बाबा नेमके त्या आठवड्यात आमच्याकडे आलेले, तेही बरोबर आले. मेकॅनिकने वरचं कव्हर उघडलं, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, "दादा, टायमिंग चेन सटकलीये. फियाटच्या इंजिनाला ऑइल वेळेवर लागतं."

बाबा म्हणाले, "अहो, पण आमची गाडी फियाटची नाहीये."

"काका, बिल्ला नाहीये. इंजिन आहे."

बारा-तेरा वर्षं गाडी वापरून बाबांना हे माहीत नव्हतं. इंजिनिअर मुलालाही अर्धवटच माहीत होतं! गाडी गॅरेजात आणि मी घरी, मग दोन वीकेंड याच इंजिनाच्या मागे लागलो.

तर मंडळी, हे इंजिन म्हणजे फियाटचं १.३ मल्टिजेट. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, १२४८ सीसी. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिमी आणि पिस्टनचा स्ट्रोक ८२ मिमी. वजन साधारण १३० किलो. साध्या टर्बोवर आपल्याकडे ७५ पीएसच्या आसपास ताकद आणि २००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर टॉर्क. पाती फिरवून धुराचा मार्ग बदलणारा व्हीजीटी टर्बो लावला की ९० पीएसच्या पुढे. २००३ साली हे बाजारात आलं आणि २००५ मध्ये 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' स्पर्धेत १ ते १.४ लिटर गटात पहिलं आलं.

यात एवढं काय? ते कळायला जरा मागे जायला हवं. जुन्या डिझेल गाड्या आठवतात ना? सिग्नलला शेजारी उभ्या राहिल्या की आपल्या गाडीच्या काचा थरथरायच्या. त्या इंजिनांत डिझेलचा दाब पंप तयार करायचा आणि तो इंजिनाच्या वेगाशी बांधलेला असायचा. कॉमन रेलने हे नातंच तोडलं. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखं समजा. पंपाने टाकी भरलेली ठेवायची आणि ज्याला पाहिजे तेव्हा त्याने नळ सोडायचा. इथे टाकीच्या जागी एक जाड पोलादी नळी असते, दाब हजार बारच्याही वर, आणि नळ उघडतो कॉम्प्युटर.

मल्टिजेट ही पुढची पायरी. डिझेल एकदम न ओतता एका स्फोटामागे पाचपर्यंत छोट्या हप्त्यांत द्यायचं. फियाटच्याच आकड्यांनुसार दोन हप्त्यांमधलं किमान अंतर १५०० मायक्रोसेकंदांवरून १५० वर आणलं. भाकरी टाकण्याआधी तवा तापवून घेतो ना, तसं पहिला चिमूटभर हप्ता आतली हवा तापवतो, मग मुख्य हप्ता धाडकन न पेटता सावकाश पेटतो. आवाज कमी आणि धूरही कमी.

आता खरी गंमत. कॉमन रेल मोटारींत बसवण्यालायक करण्याचं मोठं काम फियाटच्या संशोधन केंद्रांत झालं. मारिओ रिक्को नावाचा इंजिनिअर त्यात आघाडीवर होता. पण फियाटची तेव्हा पैशाची ओढाताण चालू होती. १९९४ च्या सुमारास त्यांनी हे तंत्र जर्मनीच्या बॉशला विकून टाकलं. हे तंत्र असलेली पहिली मोटार फियाट समूहाचीच, १९९७ ची अल्फा रोमिओ १५६. पण पुढे जगभर कॉमन रेल म्हटलं की लोकांच्या तोंडी नाव बॉशचं.

१.३ मल्टिजेटचंही तेच. २००० साली फियाट आणि जनरल मोटर्सने हातमिळवणी केली, त्या संसारातलं हे अपत्य. २००५ मध्ये काडीमोड झाला (त्यातून बाहेर पडायला जनरल मोटर्सने फियाटला तब्बल १.५५ अब्ज युरो मोजले), पण इंजिन दोन्ही घरांत राहिलं. ओपलच्या गाडीत त्याचं नाव सीडीटीआय. जनरल मोटर्सशी जवळीक असलेल्या सुझुकीकडेही ते गेलं आणि तिथून आपल्याकडे.

मारुतीने मानेसरला हे इंजिन बनवायला घेतलं आणि जानेवारी २००७ मध्ये डिझेल स्विफ्ट आणली. नाव डीडीआयएस. मग डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा. टाटांनी २००८ मध्ये इंडिका व्हिस्टात बसवलं, नाव क्वाड्राजेट. शेवरोलेच्या सेलमध्ये स्मार्टेक. फियाटच्या स्वतःच्या लिनिया आणि पुंटोत, अर्थातच, मल्टिजेट. एकच इंजिन, चार बारशी! गाड्यांच्या दर्दी लोकांनी त्याला 'भारताचं राष्ट्रीय इंजिन' म्हणायला सुरुवात केली ती यामुळेच.

आपल्या अगदी जवळची गोष्ट म्हणजे पुण्याहून नगर रोडने रांजणगावच्या महागणपतीला आपण जातो, त्याच रांजणगावच्या एमआयडीसीत टाटा-फियाटच्या भागीदारीचा कारखाना आहे, आणि तिथे ही इंजिनं बनत. २०१२ मध्ये मागणी इतकी होती की मारुतीनेही फियाटशी करार केला, वर्षाला एक लाखापर्यंत इंजिनं, तीन वर्षांसाठी. म्हणजे रांजणगावात बनलेलं इंजिन फियाटच्या प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत बसून त्याच नगर रोडवर धावत होतं. फियाटच्या स्वतःच्या गाड्या मात्र शोरूममध्ये गिऱ्हाइकाची वाट बघत उभ्या.

मागणी एवढी का? २०१२ मध्ये पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता. बाबांनी गाडी घेतली ती हाच हिशेब वहीत मांडून. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा थोडं थोडं महागायला लागलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये भाव पूर्ण मोकळे झाले आणि हिशेबाची हवाच गेली. शेवटचा घाव बीएस-६ चा. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, ती ८० वर आली. त्यासाठी लागणारी यंत्रणा छोट्या गाडीला परवडेना. मारुतीने २०१९ मध्ये स्वतःचं १.५ लिटर डिझेल आणलं आणि वर्षभरात तेही थांबवलं. १ एप्रिल २०२० ला नियम लागू झाला आणि आपल्याकडे १.३ चा खेळ संपला. फियाटच्या गाड्या तर त्याआधीच गेल्या होत्या.

असो. आता दुखणी. जुनी घेणार असाल तर कामाला येतील.

२००० आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो. खंबाटकीत चुकीच्या गिअरमध्ये सापडलात तर मागचा ट्रक हॉर्न वाजवून तुम्हाला शिकवतो. हा दोष नाही, स्वभाव आहे. दुसरं, ईजीआर व्हॉल्व्ह. धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवणारी ही झडप काजळीने तुंबते. गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते. शहरातल्या शहरात फिरणाऱ्या गाड्यांना हे जास्त. तिसरं, टर्बो. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. हायवेवरून आल्या आल्या इंजिन बंद करू नका, अर्धा-एक मिनिट चालू द्या.

आणि चौथं, आमचं. या इंजिनात बेल्टऐवजी चेन आहे, म्हणून लोक समजतात की तिच्याकडे बघायलाच नको. पण चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. आत ऑइल जेमतेम तीन लिटर. ते काजळीने घट्ट झालं की दाब उशिरा येतो, सकाळी चेन खळखळते, हळूहळू ढिली होते. एक दिवस दात सोडून उडी मारते आणि पिस्टन-व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. खाडकन!

बाबांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी डायरी आहे. प्रत्येक सर्व्हिसची तारीख, किलोमीटर, कुठलं ऑइल, किती लिटर. गाडी मला दिली त्या महिन्यापर्यंत एकही नोंद चुकलेली नाही. त्यानंतर पानं कोरी. पुस्तिकेत दिलंय त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतर मी त्याच ऑइलवर काढलं. ऑफिसमध्ये सर्व्हरचा एक अलर्ट दुर्लक्षित राहिला की मी ज्युनिअरला सुनावतो, आणि इथे रोज सकाळी अलर्ट वाजत होता तर मी गाण्याचा आवाज वाढवत होतो.

आम्ही लिहिलेलं सॉफ्टवेअरही क्लायंटच्या नावानेच चालतं. चार वर्षांत त्यावर माझं नाव कुठे आलं नाही, याची मला अधूनमधून खंत वाटते. पण हे इंजिन लाखो लोकांना कामावर, दवाखान्यात, गावाला घेऊन गेलं, आणि त्यातल्या कित्येकांना ते कुणाचं हे कधी कळलंच नाही. त्याने काही अडलं नाही. अडलं ते ऑइल कुणी बदललं नाही तेव्हा.

गाडी भंगारात काढायची की दुरुस्त करायची, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. बिल दणदणीत आहे. बाबा एवढंच म्हणाले, "चूक इंजिनाची नाही ना? मग कर दुरुस्त."

काल गाडी घरी आली. थंड इंजिन, सकाळी सात वाजता चावी फिरवली. खळखळ नाही. डायरीतल्या पहिल्या कोऱ्या पानावर तारीख, किलोमीटर आणि ऑइलची नोंद केली. बाबांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, "अक्षर सुधार."