घडीव यंत्रांची ओढ : अनवट फिल्म कॅमेरे आणि त्यांच्या जतनाचा प्रश्न

डिजिटल तंत्रज्ञानाने फिल्मवर चालणारा कॅमेरा रोजच्या व्यवहारातून जवळजवळ हद्दपार केला. तरीही हौशी छायाचित्रकार आणि संग्राहक यांच्यात त्याचे आकर्षण टिकून आहे. लायका कंपनीने १९८४ साली बाजारात आणलेले 'एम ६' हे प्रतिमान २०२२ मध्ये पुन्हा उत्पादनात आणले, तर २०२४ मध्ये पेन्टॅक्सने '१७' हा नवा फिल्म कॅमेरा सादर केला. जून २०२२ मध्ये जर्मनीतील वेत्स्लार येथील लिलावात लायकाच्या 'शून्य मालिके'तील एका कॅमेऱ्याला १ कोटी ४४ लाख युरो इतकी किंमत आली. हा कॅमेरा लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांच्या स्वतःच्या वापरातला होता. मात्र या ओढीचे मूळ केवळ किमतीत नाही. ते यंत्राच्या घडणीत आणि त्यामागच्या कल्पकतेत आहे.

वेगळ्या वाटेने गेलेली यंत्रे

बार्नाक यांनी चित्रपटासाठी तयार होणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म स्थिरचित्रांसाठी वापरली. १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत सादर झालेल्या लायकामुळे कॅमेरा तिपाईवरून उतरून हातात आला. १९२९ साली आलेल्या रोलायफ्लेक्सने एकावर एक अशी दोन भिंगे बसवली. वरच्या भिंगातून दृश्य पाहायचे आणि खालच्या भिंगातून टिपायचे, अशी ही रचना होती. छायाचित्रकार मान खाली घालून काचेत पाहत असल्यामुळे समोरच्या माणसाचे अवघडलेपण कमी होत असे.

काही कॅमेरे याहून अनवट होते. वॉल्टर झाप यांनी रचलेला आणि १९३८ पासून लाटव्हियातील रिगा येथे तयार होऊ लागलेला मिनॉक्स मुठीत मावत असे. त्यावरचे चित्र अवघे ८ बाय ११ मिलिमीटरचे असे. १९३७ सालचा 'कंपास' ब्रिटिश विमानरचनाकार नोएल पेम्बर्टन बिलिंग यांच्या कल्पनेतून उतरला आणि घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्वित्झर्लंडच्या ल कूल्त्र कंपनीने तो घडवला. जपानी बनावटीच्या वायडलक्समध्ये चित्र टिपताना भिंगच एका बाजूकडून दुसरीकडे फिरते आणि सुमारे १४० अंशांचे दृश्य एकाच पट्टीवर उमटते. योशिहिसा माइतानी यांच्या १९५९ सालच्या ऑलिंपस पेनने चित्राचा आकार निम्मा केला. त्यामुळे ३६ चित्रांच्या रोलवर ७२ चित्रे निघू लागली. फिल्म महाग असलेल्या काळात हा मोठाच दिलासा होता.

यांपैकी बहुतेक यंत्रे पूर्णतः यांत्रिक आहेत. शटरची गती स्प्रिंग आणि दातेरी चाके ठरवतात, त्यामुळे त्यांना विजेरी लागत नाही. फिल्म पुढे सरकवताना बोटांना जाणवणारा ताण, भिंगाच्या कड्याचे संथ फिरणे आणि शटरचा हलका आवाज यांतून यंत्राचे काम हाताला आणि कानाला कळते. १२ किंवा ३६ चित्रांची मर्यादा असल्याने प्रत्येक वेळी कळ दाबण्यापूर्वी विचार करावा लागतो. शिवाय फिल्म धुऊन होईपर्यंत वाट पाहावी लागते. आजच्या हौशी छायाचित्रकारांना नेमका हाच संयम हवासा वाटतो.

भारतीय कारागिरीचा वारसा

या कुतूहलाची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक या सोसायटीशी निगडित होते.

कॅमेरा विकत न घेता स्वतः घडवण्याचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण कोल्हापूरचे आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या नात्यातील कलावंत बंधूंनी चित्रपटाचा कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला होता. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने काम पुढे नेले आणि १९१८ मध्ये देशी बनावटीचा कॅमेरा चालू झाला. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात फिल्म क्षणभर थांबून पुन्हा सरकावी लागते. ही क्रिया सेकंदाला अनेकदा बिनचूक घडली नाही, तर पडद्यावरचे चित्र थरथरते. कारखान्याचे पाठबळ नसताना ही अचूकता साधणे ही असामान्य कामगिरी होती. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला, तो याच कॅमेऱ्याच्या बळावर.

केरळातील अलप्पुळा येथे १९४० च्या दशकात 'वागीश्वरी' हा सागवानी कॅमेरा जन्माला आला. त्याचे निर्माते के. करुणाकरन हे वाद्यदुरुस्ती करणाऱ्या कुटुंबातील होते. बाजाच्या पेटीचा भाता बनवणाऱ्या हातांना कॅमेऱ्याचा भाता बनवणे जमले आणि लाकूड व पितळ यांच्या जोडणीतून देशभरच्या स्टुडिओंना परवडणारे यंत्र मिळाले. पुढे बडोद्यात तयार होणाऱ्या 'अ‍ॅग्फा क्लिक थ्री'ने मध्यमवर्गीय घरांत प्रवेश केला. एका रोलवर १२ चौकोनी चित्रे देणारा हा साधा कॅमेरा सहली, मुंजी आणि लग्नसमारंभ यांचा साक्षीदार ठरला. फिल्मनिर्मितीसाठी १९६० साली उदगमंडलम येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिची 'इंदू' फिल्म अनेक वर्षे वापरात होती. आता हा कारखाना बंद आहे.

संग्रह आणि संवर्धन

मुंबईचे दिलीश पारेख यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद २००३ साली गिनेस बुकात झाली. छायाचित्रकार आदित्य आर्य यांच्या संग्रहातून गुरुग्राम येथे उभे राहिलेले 'म्युझिओ कॅमेरा' हे संग्रहालय २०१९ पासून नव्या वास्तूत आहे. मुंबईच्या फोर्ट भागातील बोरा बाजार परिसर आजही कॅमेऱ्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आणि दुरुस्तीसाठी ओळखला जातो.

जुना कॅमेरा घेताना चकचकीत बाह्यरूपापेक्षा आतली स्थिती तपासणे महत्त्वाचे ठरते. भिंगातून उजेडाकडे पाहिल्यास कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. कोकण किनारपट्टीच्या दमट हवेत हा धोका अधिक असतो. शटरच्या मंद गती अडखळत असतील, तर आतले वंगण घट्ट झाले आहे असे समजावे. भात्याच्या आत अंधारात दिवा धरल्यास बारीक छिद्रे लगेच उघड होतात. कॅमेरा चामडी आवरणात बंद करून ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरून ठेवते. सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात तो सुरक्षित राहतो आणि महिन्यातून एकदा शटर चालवल्यास यंत्रणा मोकळी राहते. त्यातून अधूनमधून एखादा रोल काढणे सर्वांत हितावह.

खरा प्रश्न यंत्रांपेक्षा कसबाचा आहे. सुटे भाग बनवणाऱ्या अनेक कंपन्या उरलेल्या नाहीत. त्यामुळे एका नादुरुस्त कॅमेऱ्याचे भाग दुसऱ्याला बसवणे किंवा एखादा भाग लेथवर नव्याने कातणे एवढेच मार्ग राहतात. हे काम पुस्तकातून शिकता येत नाही. स्प्रिंगला किती ताण द्यायचा आणि कोणता स्क्रू किती आवळायचा, हे जुन्या कारागिरांच्या बोटांना ठाऊक असते. त्यांच्या हाताखाली शिकणारे मात्र मोजकेच आहेत. संग्रहालये कॅमेऱ्यांचे बाह्यरूप जपू शकतील, पण ते चालू राहायचे असतील, तर दुरुस्तीची ही विद्या पुढच्या पिढीच्या हाती जाणे आवश्यक आहे. बाबूराव पेंटर आणि करुणाकरन यांनी यंत्र उघडून, समजून घेऊन ते नव्याने घडवले होते. फिल्म कॅमेऱ्यांकडे वळणाऱ्या तरुणांपैकी काहींनी तीच वाट धरली, तर ही हौस खऱ्या अर्थाने वारसा ठरेल.