कंसांची जुळणी आणि तळघराची कल्पना

मजकुरातील कंस जुळतात का, हे तपासणारा प्रोग्राम डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रात्यक्षिकात बहुतेक सर्वजण लिहितात. तो वीस-पंचवीस ओळींत संपतो. मात्र त्यामागची युक्ती सापडायला काही वर्षे लागली.

गणिती सूत्राचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर संगणकानेच करावे, ही कल्पना झुरिक येथे हाइन्झ रुटिसहाउजर यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी मांडली. त्यांच्या पद्धतीत सर्वांत आतला कंस शोधून तो आधी सोडवायचा आणि मग सूत्र पुन्हा वाचायचे. कंस जितके खोल, तितक्या फेऱ्या जास्त.

म्युनिक येथील फ्रीडरिख बाउअर आणि क्लाउस झामेल्झोन यांनी सूत्र डावीकडून उजवीकडे एकदाच वाचण्याचा मार्ग काढला. ज्याचा निकाल लगेच लागत नाही ते चिन्ह साठवून ठेवायचे आणि शेवटी ठेवलेले आधी बाहेर काढायचे. या साठ्याला त्यांनी 'केलर', म्हणजे तळघर, असे नाव दिले आणि १९५७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. हाच आपला स्टॅक. श्रेय मात्र एकट्या म्युनिकचे नाही. उपप्रोग्राममधून परत येण्यासाठी ॲलन ट्युरिंग यांनी १९४५-४६ मध्येच पत्ते 'पुरण्याची' आणि 'उकरण्याची' योजना लिहिली होती.

आता प्रश्न असा : नुसते मोजून का भागत नाही? कंस एकाच प्रकारचे असतील तर भागते. उघडणाऱ्या कंसाला एक मिळवा, बंद होणाऱ्याला एक वजा करा. बेरीज मध्येच ऋण होऊ नये आणि शेवटी शून्य यावी. पण ([)] हे उदाहरण घ्या. दोन्ही प्रकार वेगवेगळे मोजले तरी दोन्हींची बेरीज शून्य येते, तरीही रचना चूक आहे. किती कंस उघडे आहेत हे मोजणीतून कळते; शेवटचा कोणता उघडला हे कळत नाही. ती आठवण स्टॅक ठेवतो. येथे ) आला तेव्हा वर [ असतो, म्हणून चूक तिथेच सापडते.

उत्तरपत्रिकांत दोन चुका नेहमी दिसतात : रिकाम्या स्टॅकमधून काढण्याचा प्रयत्न करणे आणि शेवटी स्टॅक रिकामा झाला का हे न पाहणे. पहिलीत बंद होणारा कंस जास्त असतो, दुसरीत उघडणारा. 'शेवटी आलेला आधी जातो' हे वाक्य पाठ असूनही या चुका होतात. म्हणून व्याख्येपूर्वी ती कोणत्या अडचणीतून आली, हे समजून घ्यावे.