बीड जिल्ह्यातील घरगुती साबणनिर्मिती : परंपरा आणि वास्तव

प्रस्तावना :
बचत गटांच्या विक्रीप्रदर्शनांत हळद, कडुनिंब, चंदन अशा नावांचे रंगीत थरांचे सुगंधी साबण आता सर्रास दिसतात. त्यांच्या वेष्टनांवर 'पारंपरिक' आणि 'रसायनमुक्त' ही दोन विशेषणे हमखास असतात. ही विशेषणे इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

साबणापूर्वीची स्वच्छता :
मराठवाड्याच्या ग्रामीण जीवनात केसांसाठी शिकेकाई व रिठा, अंगासाठी डाळीचे पीठ व उटणे आणि भांड्यांसाठी राख वापरली जात असे. कपड्यांचे काम बलुतेदारीतील परिटाकडे असे व तो खाराच्या भट्टीत कपडे उकळी. यांपैकी एकही पदार्थ साबण नव्हे. रिठ्याचा फेस त्यातील सॅपोनिन या द्रव्यामुळे येतो. साबण मात्र तेल आणि तीव्र अल्कली यांच्या रासायनिक संयोगातून तयार होतो. 'साबण' या शब्दाचे नातेही अरबी-फारसी 'साबून'शी आहे. घाणा होता, तेल होते, खारही होता. पण घरोघरी वडी पाडण्याची प्रथा रूढ नव्हती. कारण जुन्या खारापासून घट्ट साबण करायचा तर तो चुन्याने तीव्र करावा लागे व तेलासह दीर्घकाळ उकळावा लागे.

स्वदेशी ते ग्रामोद्योग :
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायती साबण भारतीय बाजारात स्थिरावला. त्याला स्वदेशीच्या प्रेरणेतून उत्तर मिळाले. आर्देशिर गोदरेज यांनी १९२० च्या सुमारास प्राणिज चरबीविरहित, वनस्पती तेलांचा साबण बाजारात आणला. चरबीचा विटाळ मानणाऱ्या समाजात या गोष्टीला मोठे महत्त्व होते. याच सुमारास म्हैसूर संस्थानाने चंदन तेलाच्या आधारे सुगंधी साबणाचा उद्योग उभारला. १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तर महात्मा गांधींनी १९४१ च्या 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेत साबणनिर्मितीचा समावेश ग्रामोद्योगांत केला.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग अस्तित्वात आला आणि अखाद्य तेलांपासून साबण हा त्याचा एक मान्य उद्योग ठरला. कडुनिंब, करंज, मोह यांच्या बिया गोळा करून खाद्यतेल वाचवावे, हा त्यामागचा विचार होता. पुढे १९९९ ची स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना व २०११ नंतरचे 'उमेद' अभियान यांमुळे हे कौशल्य महिला बचत गटांकडे आले.

शीत प्रक्रिया व स्थानिक तेल :
आजचा घरगुती साबण शीत प्रक्रियेने होतो. मोजलेल्या पाण्यात कॉस्टिक सोडा सोडतात (सोड्यात पाणी कधीही ओतत नाहीत), द्रावण निवल्यावर ते तेलात मिसळून घोटतात. मिश्रण पळीवाढे दाट झाले की सुगंधी तेल घालून त्याचे भाग करतात. एकात हळद, दुसऱ्यात गेरू घालून एकावर एक थर देतात. खालचा थर धरल्याखेरीज वरचा ओतल्यास रंग एकमेकांत मिसळतात. वड्या चार ते सहा आठवडे मुरू द्याव्या लागतात.

तेलाचे गणित येथे निर्णायक ठरते. एक किलो खोबरेलास सुमारे १८३ ग्रॅम, तर करडईच्या तेलास सुमारे १३६ ग्रॅम कॉस्टिक लागते. दोन्ही निम्मे-निम्मे घेऊन पाच टक्के तेल मोकळे ठेवायचे तर किलोस सुमारे १५० ग्रॅम कॉस्टिक पुरते. करडई हे मराठवाड्याचे हक्काचे पीक. परंतु तिच्या तेलात लिनोलिक आम्ल विपुल असल्याने नुसत्या करडईचा साबण मऊ राहतो व लवकर खवट होतो. म्हणून खोबरेल बाहेरून आणावेच लागते. कॉस्टिक सोडा तर विजेच्या साहाय्याने मिठाच्या द्रावणापासून कारखान्यातच तयार होतो.

कायदा आणि उपजीविका :
औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येतून साबण पूर्वी वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ही सवलत काढली. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार विक्रीसाठीच्या उत्पादनास परवाना आवश्यक आहे. स्वयंपाकघरातील उत्पादन या चौकटीत सहज बसत नाही. ऊसतोडीसाठी वर्षातील सहा महिने स्थलांतर करणाऱ्या बीडमधील कुटुंबांतील स्त्रीला गावातच मिळणारे उत्पन्न मोलाचे असते. अशा स्त्रीच्या मालावर परवान्याअभावी बंदी आली, तर भांडवल व श्रम दोन्ही वाया जातात.

निष्कर्ष :
बीडमधील घरगुती साबण हा प्राचीन परंपरेचा वारसा नसून स्वदेशी, ग्रामोद्योग आणि बचत गट चळवळ यांतून घडलेले आधुनिक कौशल्य आहे. 'रसायनमुक्त' हा दावा तर साबणाच्या व्याख्येलाच छेद देतो. नीट मुरलेल्या वडीत मोकळे कॉस्टिक उरत नाही, हे सत्य सांगणे अधिक प्रामाणिक व विक्रीच्या दृष्टीनेही टिकाऊ ठरेल. महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांनी बचत गटांना तेलाचे प्रमाण व सामू तपासून द्यावा आणि तालुका पातळीवर सामाईक परवानाधारक उत्पादन केंद्र उभारण्यास साहाय्य करावे. या कौशल्याला खोट्या प्राचीनतेपेक्षा अशा पाठबळाची अधिक गरज आहे.